जाळीखालच्या मरळी

डहाणू
२० मार्च २०१७

तुक्या,

रामराम. होळीचा रंग नखातून अजून जात नाही, पण हात दोनदा धुऊन लिहायला बसलो आहे. फोन करणार होतो. पण फोनवर तू बोलतोस कुठे? "हां दादा, हां दादा," एवढंच, आणि मग मधे तुझा डोंगर येतो नि फोन तुटतो. पत्रात निदान वाक्य पुरं करतोस. शिकवलंय कोणी? बर्फाच्या लादीवर खिळ्याने 'त' काढून दाखवला तेव्हा तू म्हणाला होतास, "दादा, हा तर गळ आहे." लादी वितळली, 'त' तुझ्याकडे राहिला. त्याच्या आधी सात हंगाम घरी बायकोला, जमनाला, जाणारी तुझी पत्रं मीच लिहीत होतो. दोन ओळी सांगून तू लाजायचास आणि "पुढचं तुम्हीच घाला" म्हणून होडीच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसायचास. पुढचं मी काय घातलं ते एकदा जमनाला विचार.

आता कामाचं. रामू तांडेलाचे गुडघे गेले. यंदाच्या पावसानंतर तो होडीवर चढणार नाही. मला तांडेल पाहिजे, आणि तो तू. माझ्या होडीवर खलाशी म्हणून तेरा हंगाम काढलेस, आता सुकाण तुझ्या हातात. घोळ मासळी पाण्याखाली गुरगुरते हे सगळा किनारा जाणतो, पण वल्हं पाण्यात सोडून, त्याच्या टोकाला कान लावून, ती किती आहे आणि कुठे निघाली आहे हे सांगणारा मी एकच पाहिला. रामूही कान लावतो. त्याला स्वतःच्या बायकोचं ऐकू येत नाही, घोळ कुठली येणार?

तू ऐकलेल्या, सोन्याच्या भावाने गेलेल्या त्या एका घोळीवर माझं आशागडचं बर्फाचं मशीन उभं राहिलं. लोकांना मी सांगतो, चिमणने सगळं स्वतःच्या हाताने केलं. खोटं नाही, हात माझेच होते. कान तुझा होता, ते आपल्या दोघांत.

ऐकतो की तू तळं खणलंस आणि त्यात मासे सोडलेस. दर्यातला माणूस डबक्यात काय बघतो, ते कळव. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते. तोवर विचार कर, पण विचार करून हो म्हण.

तुझा
चिमणदादा


उधवा
२ एप्रिल २०१७

चिमणदादांना तुक्याचा रामराम. जमनाचा पण. पुढचं काय घातलं होतं ते ती सांगत नाही. हसते आणि चुलीकडे तोंड करते.

तांडेल म्हणालात, बरं वाटलं. पत्र जमनाला दोनदा वाचून दाखवलं. पण दादा, मी येत नाही. तेरा हंगाम आठ आठ महिने पाण्यावर काढले. घरी आलो की आमचा कुत्रा मला भुंकायचा. आमची योगिता चालायला लागली हे मला तुम्ही वाचून दाखवलं होतं, आठवतं का? आता ती दहावीला आहे. घरात माझी चप्पल कुठे ठेवायची हे आत्ता कुठे ठरलं आहे.

तळ्यात मरळी सोडल्या आहेत. मागच्या पावसात भातखाचरातून आणि ओहोळातून पिल्लं धरली, मडक्यात घालून आणली. आता वीत सव्वा वीत झाल्या. संध्याकाळी बांधावर बसतो आणि ऐकतो. टप्. जरा थांबून पलीकडे टप्. मरळ वर येते, तोंड बाहेर काढते, घोट घेते, खाली जाते. प्रत्येकीची वेळ वेगळी. तुमची घोळ गुरगुरते, माझी मरळ टप् करते. कान रिकामा बसलेला नाही.

त्रास आहे तो बगळ्यांचा. ती वर आली की उचलतात. उन्हाने पाणी उतरलं आहे, त्यांना सोपं जातं. काही उपाय असेल तर सांगा. तळं टिकलं तर मला परत कुणाच्या होडीवर चढावं लागणार नाही. नाही टिकलं तर चढावं लागेल, एवढं सरळ आहे.

पहिला मासा काढीन तो तुमच्या बर्फाच्या गाडीवर चढवीन. दुसऱ्या कुणाला देणार नाही. हा शब्द.

तुक्या


डहाणू
१८ मे २०१७

तुक्या,

विवळवेढ्याच्या यात्रेत तू भेटलास, पाळण्याजवळ उभा राहून एवढा वेळ बोललास, पण तांडेलचा विषय काढला की तुला लगेच जिलेबी आठवायची. ठीक आहे. माझे कान शाबूत आहेत, न बोललेलं पण ऐकू येतं. राग नाही. तळं तर तळं.

बगळ्यांचं मी मनावर घेतलं आहे. तुझ्या त्या मरळी खादाड जातीच्या दिसतात. किडा टिपायला वर येतात आणि स्वतःच जेवण होऊन जातात. उपाय सोपा आहे. त्यांना वर येऊच द्यायचं नाही. माझ्याकडे डोलीच्या लांब पिशवीसारख्या जाळ्याची शेवटची खोळ पडून आहे, करंगळी जाणार नाही इतकी बारीक. ती उसवून सपाट केली की तुझं तळं पुरं झाकतं. उंच बांधली तर झोल पडतो आणि बगळा झोलावर उभा राहून आरामात खातो. म्हणून पाण्याच्या वर चार बोटं, तबल्यासारखी ताणून.

रविवारी येतो. खुंट ठोकून ठेव. गाठी मी मारीन. पाऊस लागला, पाणी चढायला लागलं, की मीच येऊन जाळी वर घेईन. तू हात लावू नकोस. माझी गाठ ओली झाली की आवळते. तुझ्याकडून सुटायची नाही, तू कोयता चालवशील आणि माझी चांगली जाळी फुकट जाईल. गाठ माझी, सोडवायलाही मीच.

जमनाला सांग, तांदळाची भाकरी आणि ती लसणाची चटणी. बोंबील मी आणतो.

चिमणदादा


उधवा
९ जुलै २०१७

चिमणशेठ,

मरळी मेल्या. सगळ्या.

जमनाची आई वारली म्हणून आम्ही तिच्या माहेरी, सूत्रकारला गेलो होतो. ओहोळाला पाणी आलं, दोन दिवस पलीकडे अडकलो. आलो तेव्हा मेलेल्या होत्या.

तुमची जाळी धुऊन पोत्यात भरली आहे. बर्फाच्या गाडीवर दिली. गाठी कापाव्या लागल्या.

तुक्या


डहाणू
१७ जुलै २०१७

तुक्या,

पत्र कसलं, चिठ्ठी आली. वर 'शेठ' वाचून आधी चष्मा पुसला. वाटलं, पत्र चुकून दुसऱ्या कुणाला गेलं. मला शेठ म्हणणारे खूप आहेत, त्यांना मी बर्फ विकतो.

जमनाच्या आईचं ऐकून वाईट वाटलं. माझा निरोप दे.

आता ऐक. पोतं मी स्वतः सोडलं. जाळी नीट धुतलेली, घडी घातलेली, तेरा हंगाम वाया गेले नाहीत. पण जाळीच्या घडीत तीन वाळकी फळं निघाली, लिंबाएवढी, टणक. मशीनवर कामाला असलेल्या काकड्याला दाखवली, तो तुमच्याच तालुक्यातला.

"हे काय रे?"

"गेळ."

"कशाला लागतं?"

"ठेचून डोहात टाकायचं. मासे झिंगून वर येतात."

"आणि मग? खातात ते?"

"खातो की. मी काय मेलो दिसतो तुम्हाला?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

तुक्या, मी चाळीस वर्षं कल्ले उचलून मासा बघतोय. पाणी तोंडातून आत जातं, कल्ल्यातून बाहेर येतं, तेवढ्यात मासा आपला श्वास काढून घेतो. कल्ला लाल असला की मासा खरा. ही विद्या मला बापाने दिली, आणि तिच्यावर मी घर बांधलं. पावसाचं ताजं पाणी आलं की मासा नाचतो. सगळेच्या सगळे दोन दिवसांत मरत नाहीत. पाण्यातला मासा पाण्यात मेला, हे मला सांगू नकोस, दुसऱ्या कुणाला सांग.

तुझ्या घरापासून गुजरातची हद्द हाकेवर आहे. पलीकडे मरळीला चांगलं गिऱ्हाईक आहे, तेही मला ठाऊक आहे. पहिला मासा माझ्या गाडीवर, असा शब्द कोणी दिला होता? मला तोंडावर सांगितलं असतंस की दादा, पलीकडे विकले, तर मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि चहा पाजला असता. पण तू मासे झिंगवलेस, विकलेस आणि मला मेल्याची बातमी धाडलीस. तेरा वर्षं ज्याच्या कानावर मी होडी सोडली, त्याने हे करावं? दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बाहेरून हसतोय, आत काय होतंय ते मलाच माहीत.

जाळी वर घ्यायला यायचं राहिलं, मशीन बिघडलं होतं. ते सोड.

एवढं होऊनही होडी १ तारखेला सुटते आणि तुझी जागा ठेवली आहे. ये. आणि आलास की माझ्या डोळ्यांत बघून सांग.

चिमण


उधवा
२९ जुलै २०१७

चिमणशेठ,

आधी गेळाचं. आमच्याकडे बियाण्याच्या भातात गेळ घालून ठेवतात, किडा लागत नाही. पेरणी झाली, पोतं रिकामं होतं, त्यात तुमची जाळी भरली. तळाला तीन गेळं राहिली असतील. काकड्यालाही हे माहीत आहे. तुम्ही त्याला जेवढं पाहिजे तेवढंच विचारलंत.

आता मरळी कशा मेल्या ते लिहितो. तुम्हाला माहीत आहेच. तरी लिहितो, म्हणजे मलाही माहीत आहे हे तुम्हाला कळेल.

सूत्रकारला निघालो तेव्हा पाणी जाळीच्या खाली दोन बोटं होतं. तुम्हाला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा काकड्याने उचलला. शेवटी म्हणाला, "शेठ उद्या नक्की निघतायत, तू हात लावू नको म्हणतात." मातीला जायचं होतं. तुमच्या शब्दावर गेलो. परत आलो तेव्हा जाळी पाण्याखाली हातभर होती, तुम्ही ताणली होती तशीच, तबल्यासारखी. आणि खालून सगळ्या मरळी तिला लागलेल्या. तोंडं वर. जाळीला धडका देऊन देऊन ओठ सोलून निघालेले. गाठी सुटेनात. कोयत्याने कापल्या. जाळी मोकळी झाली तशा त्या सगळ्या एकदम वर आल्या. पण तेव्हा टप् झालं नाही.

मरळ कल्ल्यावर जगत नाही, शेठ. कल्ले असतात, पण तेवढ्याने तिचं भागत नाही. कल्ल्याच्या वर, डोक्यात, तिला एक पोकळी असते. ती वर येऊन तिच्यात वारा भरून घेते आणि खाली जाते. म्हणून ती आटलेल्या तळ्याच्या चिखलात महिना काढते. म्हणून ओल्या पाल्यात बांधून बाजारात जिवंत नेता येते. आणि वर येऊ दिली नाही तर ती बुडते. मासा बुडून मरतो. आमच्या पाड्यावर हे शेंबडं पोर सांगेल. तुम्ही म्हणता, चाळीस वर्षं मासा बघतोय. मग तुम्हाला हे माहीत नव्हतं, असं कोण मानेल?

मीच तुम्हाला लिहिलं होतं, वर येते, घोट घेते, खाली जाते. त्याच्यावर तुम्ही लिहिलंत, त्यांना वर येऊच द्यायचं नाही. ते पत्र माझ्याजवळ आहे. सोळा वेळा वाचलं.

मार्चमध्ये तुम्हाला तांडेल पाहिजे होता. मी नाही म्हटलं. मे महिन्यात तुम्ही जाळी घेऊन आलात, माझ्या घरी भाकरी खाल्लीत, गाठी मारल्यात, आणि हात लावू नको म्हणालात. पावसात येतो म्हणालात, आला नाहीत. तळं मेलं. आणि आठ दिवसांत तुमचं पत्र आलं की होडीवर जागा ठेवली आहे.

तुम्ही हुशार आहात हे मी सगळ्यांना सांगायचो. माझ्यावरच हुशारी चालवाल असं नव्हतं वाटलं. मागायचं होतं तर अजून एकदा मागायचं होतं, दादा. मी कदाचित आलो असतो.

तुक्या


डहाणू
१२ नोव्हेंबर २०१७

तुक्या,

तुझं पत्र येऊन साडेतीन महिने झाले. चार उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिल्यात शिव्या होत्या, दुसऱ्यात शपथा. तिसरं आणि चौथं वाचून मलाच माझी कीव आली. हे पाचवं. यात जे घडलं तेवढंच आहे.

बर्फाची नवी गिऱ्हाइकं बघायला तलासरीच्या आठवडे बाजारात गेलो होतो. भर दुपार. एक बाई, बुधी तिचं नाव, टोपली घेऊन बसली होती. टोपलीत ओला पाला, पाल्यावर मरळी. पाण्याचा थेंब नाही, बर्फ नाही. मी धंद्याच्या नजरेने वाकलो, म्हटलं हिला रोज बर्फ लागेल. तेवढ्यात एकीचं शेपूट हललं.

"बाई, जिवंत आहे ही?"

"मग काय मेलेली विकू?"

"पाण्यावाचून?"

"वारा आहे ना."

"आणि भरलेल्या पिंपात घालून वरून झाकण दाबलं तर?"

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दर्याकडचे ना तुम्ही? काय धंदा करता?"

"माशाचा," म्हणालो.

ती शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस का गं?" आणि दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. तुक्या, बंदरावर माझ्यावर कोणी हसलं नाही अशी तीस वर्षं गेली. मी पण हसलो. हसत हसत एक मरळ घेतली आणि गाडीत येऊन बसलो. मग बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

मला तुझं पत्र खोटं पाडायचं होतं, हेही लिहितो. म्हणून घरी आल्यावर ती मरळ पिंपात सोडली, पाणी काठोकाठ भरलं, वर झाकण दाबलं आणि पिंपाला कान लावला. आधी काही नाही. मग ठक. मग जरा थांबून ठक. मग न थांबता. माझे कान तिखट आहेत असं मी सगळ्यांना सांगत फिरतो. एवढं मी जन्मात कधी ऐकलं नव्हतं. झाकण काढलं. टप् झालं. ती खाली गेली, आणि मी पिंपाशेजारी खाली बसलो. तुझ्या तळ्यावर त्या दोन दिवसांत ऐकायला कोणीच नव्हतं.

मला माहीत नव्हतं, तुक्या. तुला खरं वाटणार नाही, पण मला माहीत नव्हतं. माझे मासे माझ्यापर्यंत येतात ते मेलेलेच. कल्ला लाल की काळा, एवढंच मी बघतो. त्या कल्ल्याने मासा जगतो कसा, हे बापाने सांगितलं तेवढं धरून चाललो आणि सगळे मासे तसेच समजलो. तू सरळ लिहिलं होतंस, घोट घेते. मी किडा वाचला.

मशीनही बिघडलं नव्हतं. पाऊस होता, अंगात आळस होता. काकड्याला सांगितलं, "उद्या म्हणून सांग." मनात म्हटलं, पाणी चढलं तर चढलं, जास्त पाण्याने माशाचं काय वाईट होणार? हे मी तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तुझं पत्र वाचलं आणि मला दोनच वाटा दिसल्या. तुझ्या डोळ्यांत लबाड राहायचं, नाहीतर अडाणी व्हायचं. साडेतीन महिने मला लबाड राहणं सोपं वाटलं. असा माणूस आहे मी.

काकड्याला गेळाचं परत विचारलं. म्हणाला, "बियाण्यात घालतात की. तुम्ही विचारलं कुठे?"

येत्या पावसात मी तुझ्याबरोबर खाचरात उतरेन. पिल्लं धरू, मडकी मी वाहीन. होडीचं नाव काढणार नाही. फक्त वर पूर्वीसारखं 'दादा' लिही.

चिमण


झाई
६ जानेवारी २०१८

चिमणशेठ यांस,

तुमचं पत्र उधव्याला आलं, तिथून योगिताने इथे धाडलं. मी झाईला आहे. हिराबाईच्या होडीवर लागलो. तांडेल म्हणून नाही, खलाशी म्हणून. दिवाळीनंतर घरात बसून चालण्यासारखं नव्हतं.

तळ्यात उरलेल्या पावसात थोडी पिल्लं सोडली आहेत. जमना बघते. वर जाळी नाही. बगळ्यांना खायचं तेवढं खाऊ दे, म्हटलं तिला. उरतील त्या वर तरी येतील. कुत्रा परत मला भुंकायला लागला असेल.

तुम्हाला माहीत नव्हतं हे मी मानतो. पिंपाचं वाचलं आणि मानलं. ते कोणी बनवून लिहू शकत नाही. तुम्ही मुद्दाम केलंत असं मी लिहिलं होतं, ते परत घेतो. माझं चुकलं.

पण एक राहतं. मी तुम्हाला वाईट धरलं तेव्हा माझ्यासमोर तुमच्या हाताच्या गाठी होत्या आणि तुमच्या हाताचं पत्र होतं. तुम्ही मला चोर धरलंत तेव्हा तुमच्यासमोर तीन वाळकी फळं होती. मरळ तुम्ही कधी पाण्यात बघितली नव्हती, तिचं कसं चालतं ते कळलं नाही, समजू शकतो. मला तर तुम्ही तेरा हंगाम बघितलं होतं. जमनाला काय सांगायचं ते मी तुमच्यापुढे बोललो, आणि बोलता आलं नाही ते तुम्ही माझ्या मनातलं ओळखून घातलं. एवढं ओळखत होता. मग तीन फळं बघितल्यावर ते ओळखणं गेलं कुठे?

त्याचं उत्तर लिहू नका. तुम्ही चांगलं लिहाल, आणि मला ते खरं वाटेल.

इथेही वल्ह्याला कान लावतो. हिराबाई माझ्या कानावर विश्वास ठेवते. घोळ अजून मिळाली नाही, पण पाण्यात आवाज लांबून येतात, तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या होडीचं इंजिन मी ओळखतो. तिसऱ्या ठोक्याला ते अडखळतं, तुम्ही अजून दुरुस्त केलेलं नाही. आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. जवळ यायला लागलं की मी वल्हं पाण्यातून वर काढतो, आडवं ठेवतो आणि आवाज जाईपर्यंत तसाच बसतो.

तुक्या